नफ्याचा भागाकार

इन्फोसिसच्या २०२३-२४ च्या एकत्रित निकालांत, तक्त्याच्या अगदी तळाशी, दोन आकडे आहेत. प्रति समभाग उत्पन्न, मूलभूत : ६३.३९ रुपये. प्रति समभाग उत्पन्न, सौम्यीकृत : ६३.२९ रुपये. वर्षाचा निव्वळ नफा एकच, २६,२३३ कोटी रुपये. मग एका शेअरच्या वाट्याला काय आलं हे दोनदा का सांगायचं, आणि मधले दहा पैसे कोणाचे?

बहुतेक गुंतवणूकदार हा तळाचा आकडा, म्हणजे ईपीएस, उचलतात, शेअरच्या भावाला त्याने भागतात, ‘पीई’ काढतात आणि मोकळे होतात. ईपीएस हा साधा अपूर्णांक आहे. वर नफा, खाली शेअरची संख्या. वरच्या अंशावर वाहिन्यांवर तासन्‌तास चर्चा झडते, खालच्या छेदाकडे फारसं कुणी बघत नाही. कर्मचाऱ्यांना दिलेल्या स्टॉक ऑप्शनचं खरं बिल मात्र त्या छेदातच फाडलं जातं. म्हणून मी अहवाल वाचताना आधी शेअर मोजतो आणि नफ्याकडे नंतर वळतो. शेअर मोजायचे तर सुरुवात ताळेबंदापासून.

कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीत ताळेबंदाचा साचा दिलेला आहे. ‘इंड एएस’ ही लेखामानकं लागू असलेल्या कंपन्यांच्या ताळेबंदात ‘इक्विटी’ या मथळ्याखाली मुख्यतः दोनच ओळी असतात : समभाग भांडवल आणि इतर इक्विटी. पहिली ओळ बहुधा किरकोळ, दुसरी अगडबंब. इन्फोसिसच्या शेअरची दर्शनी किंमत ५ रुपये आणि शेअर सुमारे ४१५ कोटी, म्हणून भांडवल दोन हजार कोटींच्या थोडं पुढे. पण ३१ मार्च २०२४ रोजी भागधारकांची एकूण इक्विटी ८८ हजार कोटींच्या घरात होती. म्हणजे एका शेअरमागे पुस्तकी मूल्य साधारण २१३ रुपये, आणि बाजारात त्या वेळी भाव दीड हजाराच्या आसपास. पाच, दोनशे तेरा आणि दीड हजार, तिन्ही एकाच शेअरच्या किमती. १९८१ साली पुण्यात सुरू झाली तेव्हा या कंपनीचं भांडवल दहा हजार रुपये होतं. बाकीचा डोंगर वाटून न टाकलेल्या नफ्याने रचला.

आकडे सोपे ठेवून एक काल्पनिक कंपनी मांडू. प्रवर्तकांनी १० रुपये दर्शनी किमतीचे ८० लाख शेअर त्याच किमतीला घेतले. मग कंपनीने लोकांना २० लाख शेअर २१० रुपयांना विकले. झाले एक कोटी शेअर, म्हणजे भांडवल १० कोटी. लोकांकडून आलेल्या ४२ कोटींपैकी दर्शनी किमतीचे २ कोटी भांडवलात आलेच आहेत. प्रत्येक शेअरवरचे जादा २०० रुपये, म्हणजे ४० कोटी, ‘सिक्युरिटीज प्रीमियम’ खात्यात गेले. आजवर कमावलेला पण लाभांश म्हणून न वाटलेला नफा ५० कोटी. एकूण इक्विटी १०० कोटी, पुस्तकी मूल्य शेअरमागे १०० रुपये.

प्रीमियमच्या पैशाला कायद्याने कुंपण घातलं आहे. त्यातून बोनस शेअर देता येतात, शेअरची पुनर्खरेदी करता येते, शेअर विक्रीचा खर्च वळता करता येतो, पण लाभांश वाटता येत नाही. आमच्या कंपनीने एकास एक बोनस दिला तर प्रीमियमचे ४० कोटी ३० होतील, भांडवलाचे १० कोटी २० होतील आणि शेअर दोन कोटी. बेरीज तीच, १०० कोटी. बोनसच्या बातमीने लोक हरखतात खरे, पण कंपनीच्या तिजोरीतला पैसाही हललेला नसतो.

ही सगळी हलवाहलव ताळेबंदात दिसत नाही, तिथे फक्त शेवटची शिल्लक असते. ती दिसते ‘इक्विटीतील बदलांचे विवरणपत्र’ या स्वतंत्र तक्त्यात. हे पान सर्रास ओलांडलं जातं, कारण ते आडवं पसरलेलं, बारीक टायपातलं आणि दिसायला किचकट असतं. पण वाचण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक स्तंभ म्हणजे एक खातं : प्रीमियम, राखून ठेवलेला नफा, भांडवल विमोचन निधी, ऑप्शनचं खातं वगैरे. प्रत्येक ओळ म्हणजे वर्षातली एक घटना : आरंभीची शिल्लक, नफा, लाभांश, नवे शेअर, पुनर्खरेदी. यातच ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्ना’चे स्तंभही असतात. डॉलरमध्ये कमावणाऱ्या कंपन्यांच्या परदेशी उपकंपन्यांचे हिशेब रुपयांत आणताना होणारे फरक तिथे जातात. ते इक्विटीत मिळतात, पण नफ्यात येत नाहीत, आणि म्हणून ईपीएसमध्येही येत नाहीत.

पुनर्खरेदी याच पानावर नीट कळते. इन्फोसिसने २०१७ साली आपलेच सुमारे ११.३ कोटी शेअर प्रत्येकी १,१५० रुपयांना परत घेतले, एकूण १३ हजार कोटी मोजून. ते शेअर रद्द झाले आणि त्यांच्या दर्शनी किमतीइतकी रक्कम, साधारण ५६ कोटी, भांडवल विमोचन निधीत बाजूला काढावी लागली, म्हणजे तेवढी रक्कम लाभांशाच्या वाटेने बाहेर जाणार नाही. अमेरिकेत परत घेतलेले शेअर रद्द न करता कंपनी स्वतःकडे ‘ट्रेझरी स्टॉक’ म्हणून ठेवू शकते आणि त्यांची खरेदी किंमत इक्विटीतून वजा दाखवते. मॅकडोनाल्ड्ससारख्या नफ्यातल्या कंपनीची इक्विटी वर्षानुवर्षं उणे दिसते ती अशा अवाढव्य पुनर्खरेदीमुळे. आपल्याकडे पुनर्खरेदी भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या एकूण बेरजेच्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच करता येते, त्यामुळे तशी वेळ सहसा येत नाही.

आता ऑप्शनकडे. कर्मचाऱ्याला कंपनी सांगते : तू तीन वर्षं टिकलास, तर आमचा शेअर आजच ठरवलेल्या किमतीला विकत घेण्याचा तुला हक्क राहील. हक्क आहे, सक्ती नाही. भाव वर गेला तर तो हक्क वापरेल, खाली आला तर सोडून देईल. हक्क दिला ती तारीख ‘ग्रँट’ची, तो पक्का होणं म्हणजे ‘व्हेस्टिंग’, आणि पैसे भरून शेअर घेणं म्हणजे ‘एक्सरसाइज’. योजनेसाठी भागधारकांचा विशेष ठराव लागतो. ग्रँट आणि व्हेस्टिंगमध्ये किमान एक वर्ष जावं लागतं. सूचिबद्ध कंपन्यांना त्यावर सेबीचे २०२१ चे नियम आहेत. प्रवर्तकांना आणि दहा टक्क्यांहून जास्त शेअर असलेल्या संचालकांना हे ऑप्शन घेता येत नाहीत. इन्फोसिसने आपली पहिली योजना १९९४ मध्ये आणली, आणि मराठी मध्यमवर्गातल्या अनेक घरांना ‘इसॉप’ हा शब्द तिथून पुढच्या दशकात कळला.

या हक्काची किंमत हिशेबात कशी धरायची, यावर तीस वर्षं भांडण चाललं. अमेरिकेत १९७२ पासूनचा नियम असा होता की ग्रँटच्या दिवशीचा बाजारभाव आणि ठरलेली किंमत यांतला फरक तेवढाच खर्च. कंपन्या किंमत त्या दिवशीच्या बाजारभावाइतकीच ठेवत, फरक शून्य, खर्च शून्य. लाखो ऑप्शन वाटूनही नफा जिथल्या तिथे. १९९३ मध्ये तिथल्या लेखामानक मंडळाने हे बदलायचं ठरवलं, तर सिलिकॉन व्हॅलीने एवढा गदारोळ केला की १९९४ मध्ये सिनेटने ८८ विरुद्ध ९ मतांनी प्रस्तावाविरुद्ध ठराव केला. मंडळ नमलं, खर्चाचा आकडा टिपांमध्ये दिला तरी चालेल असं झालं. मोबदला हा खर्च नाही तर दुसरं काय, हे वॉरन बफे भागधारकांना सांगत राहिले. एन्रॉन आणि वर्ल्डकॉम कोसळल्यानंतर वारं फिरलं. २००४ मध्ये अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय, दोन्ही मानकांनी ऑप्शनचा खर्च नफ्यातून वजा करणं सक्तीचं केलं. आपल्याकडे मात्र शून्य खर्चाची पळवाट ‘इंड एएस’ येईपर्यंत, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी १ एप्रिल २०१६ पर्यंत, उघडी होती.

आता खर्च धरायचा तो वाजवी मूल्याने. त्यासाठी बहुधा १९७३ चं ब्लॅक-शोल्स सूत्र वापरलं जातं. त्यात आजचा भाव, ठरलेली किंमत, मुदत, व्याजदर, अपेक्षित लाभांश आणि शेअरची चढउतार हे सगळं घालतात. चढउतार जितकी जास्त तितका ऑप्शन महाग, कारण खाली जाण्याचा धोका घेणाऱ्याच्या अंगावर नाही आणि वरचा फायदा सगळा त्याचा. हे मूल्य अंदाजाचंच असतं. पण ग्रँटच्या दिवशी एकदा ठरलं की पुढे शेअर तिप्पट होवो की पाव होवो, ते बदलत नाही. हा नियम मला रास्त वाटतो. कंपनीने त्या दिवशी जे देऊ केलं त्याचीच नोंद करायची, पुढे त्याचं काय झालं याची नाही.

आमच्या कंपनीने सहा लाख ऑप्शन दिले असं समजू. ठरलेली किंमत २०० रुपये, तीन वर्षांनी व्हेस्टिंग, वाजवी मूल्य प्रत्येकी ९० रुपये. दहा टक्के लोक मधेच नोकरी सोडतील असा अंदाज. म्हणजे ५.४ लाख ऑप्शन, ४ कोटी ८६ लाखांचा एकूण खर्च, दरवर्षी १ कोटी ६२ लाख. पहिल्या वर्षी कर्मचारी खर्चात १.६२ कोटी लिहिले. नफा तेवढा घटला, राखून ठेवलेला नफाही तेवढा घटला. पण या नोंदीची दुसरी बाजू रोकडीत जात नाही, ती ‘शेअर ऑप्शन थकीत खातं’ या इक्विटीतल्याच दुसऱ्या खात्यात जमा होते. एकीकडे उणे, दुसरीकडे अधिक, एकूण इक्विटी जशीच्या तशी.

पगार दिला की रोकड जाते. ऑप्शनच्या खर्चात ना रोकड जाते ना इक्विटी घटते. म्हणून पुष्कळ कंपन्या त्याला ‘बिगररोख खर्च’ म्हणून हातावेगळा करतात आणि गुंतवणूकदारांना ‘इसॉपपूर्व’ नफा दाखवतात. मला हे पटत नाही. मोबदला दिला गेलाच आहे, फक्त तो कंपनीच्या नव्हे तर जुन्या भागधारकांच्या खिशातून गेला. सातबाऱ्यावर नवं नाव चढलं म्हणून शेत आकसत नाही, आधीच्या प्रत्येकाच्या वाट्याचं पीक आकसतं.

तीन वर्षांनी ५.४ लाख ऑप्शन व्हेस्ट झाले आणि सगळ्यांनी वापरले, तर कंपनीला प्रत्येकी २०० प्रमाणे १० कोटी ८० लाख रोख मिळतात. दर्शनी किमतीचे ५४ लाख भांडवलात जातात. उरलेले १० कोटी २६ लाख, आणि ऑप्शन खात्यात तीन वर्षांत साठलेले ४ कोटी ८६ लाख, असे मिळून १५ कोटी १२ लाख प्रीमियममध्ये. इक्विटीत खरी वाढ झाली ती रोख आली तेवढीच, १०.८ कोटींची.

आणि भाव २०० च्या खाली राहिला, कुणीच हक्क वापरला नाही, तर? तर खर्च परत फिरत नाही. कर्मचाऱ्यांनी तीन वर्षं काम केलं, कंपनीने त्याचा लाभ घेतला. थकीत खात्यातली रक्कम फार तर इक्विटीतच दुसऱ्या राखीव खात्यात हलवतात. व्हेस्टिंगच्या आधी नोकरी सोडणाऱ्याचा खर्च मात्र उलटवला जातो, कारण त्याने अट पुरी केली नाही.

आता भागाकार. एका वर्षी आमच्या कंपनीचा नफा २० कोटी. वर्षारंभी शेअर एक कोटी, आणि १ ऑक्टोबरला बाजारभावाने आणखी २० लाख शेअर विकले. भागायचं कशाने? एक कोटी वीस लाखांनी नाही, कारण त्या वीस लाखांचा पैसा कंपनीत सहाच महिने होता. म्हणून वीस लाख निम्मे धरायचे, प्रत्यक्षात दिवसांच्या प्रमाणात, आणि सरासरी काढायची एक कोटी दहा लाख. मूलभूत ईपीएस १८.१८ रुपये.

बोनस आणि शेअर विभाजनाला हा नियम नाही. त्यांत नवा पैसा येत नाही, म्हणून नवी संख्या आधीपासूनच होती असं मानून मागच्या वर्षांचे आकडेही बदलतात. इन्फोसिसच्या २०१७-१८ च्या अहवालात ईपीएस सुमारे ७१ रुपये आहे, आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात त्याच वर्षाचं ईपीएस साडेपस्तीसच्या आसपास, कारण मधे २०१८ चा एकास एक बोनस झाला. जुने अहवाल शेजारी ठेवून प्रगती मोजणाऱ्याने एवढं तपासावंच.

सौम्यीकृत ईपीएसमध्ये प्रश्न विचारला जातो तो असा : ज्यांच्या हातात ऑप्शन आहेत ते सगळे आजच रांगेत उभे राहिले तर? वरच्या वर्षी ते ५.४ लाख ऑप्शन व्हेस्ट होऊन पडलेत, अजून कुणी वापरले नाहीत, आणि वर्षाचा सरासरी बाजारभाव ३०० आहे असं धरा. लोक २०० प्रमाणे १०.८ कोटी भरतील. त्या पैशात ३०० च्या भावाने ३.६ लाख शेअर विकत घेता आले असते. म्हणजे तेवढे शेअर पूर्ण किमतीला विकल्यासारखे, त्यांनी कुणाचं नुकसान नाही. उरलेले १.८ लाख मात्र फुकट दिल्यासारखे. तेवढेच छेदात मिळवायचे. छेद एक कोटी अकरा लाख ऐंशी हजार, सौम्यीकृत ईपीएस १७.८९ रुपये.

ऑप्शनचा खर्च नफ्यातूनही वजा होतो आणि वर छेदही फुगतो, म्हणजे दुहेरी दंड, अशी तक्रार उद्योगजगतातून नेहमी येते. ती टिकत नाही. अंशात जातं ते कंपनीने वापरलेल्या श्रमाचं मोल, आणि छेदात जातो तो मालकीत आलेला नवा वाटेकरी. प्रश्न दोन आहेत. शिवाय व्हेस्ट न झालेल्या ऑप्शनच्या बाबतीत मानक स्वतःच सवलत देतं. कर्मचाऱ्याकडून अजून यायच्या कामाचं मूल्य ठरलेल्या किमतीत मिळवायचं, मग फुकटचे शेअर आणखी कमी निघतात.

इन्फोसिसचे दहा पैसे अशाच वाटेकऱ्यांचे. २६,२३३ कोटींना दोन्ही आकड्यांनी भागून पाहिलं तर छेदांतला फरक साठ-पासष्ट लाख शेअरचा निघतो. चारशे कोटींहून अधिक शेअरच्या कंपनीत तो नगण्य. त्यांच्या योजनांतले बरेचसे हक्क ५ रुपये दर्शनी किमतीला शेअर देणारे आहेत. म्हणजे प्रत्येक हक्कामागे जवळजवळ अख्खा शेअर फुकट, तरीही एकूण संख्या लहान. नवी कंपनी असेल आणि तिथे ही तफावत पाच-सात टक्क्यांची असेल, तर विकत घेण्याआधी ऑप्शनची टीप दोनदा वाचावी.

दोन कंपन्यांचे ईपीएस एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, हेही यातून आपोआप येतं. एमआरएफचे शेअर जेमतेम ४२ लाख. त्यामुळे २०२३-२४ मध्ये दोन हजार कोटींच्या थोड्या वरच्या नफ्यावर तिचं ईपीएस ४,९०० च्या आसपास निघालं. इन्फोसिसचा नफा त्याच्या बारापटीहून जास्त, ईपीएस ६३.

तोट्यातल्या कंपनीत हे गणित उलटं वळतं. तोटा जास्त शेअरांत वाटला तर प्रत्येकी तोटा कमी दिसेल, म्हणजे ऑप्शन वाटून चित्र सुधारल्यासारखं होईल. मानक तसं करू देत नाही. ज्या शेअरांनी तोटा सौम्य होतो ते मोजायचेच नाहीत. म्हणून तोट्यातल्या नवउद्योगांच्या निकालांत मूलभूत आणि सौम्यीकृत हे दोन्ही आकडे बहुधा तंतोतंत सारखे असतात, आणि ऑप्शनचा ढीग किती हे त्यावरून काडीचंही कळत नाही. तिथे टिपेतल्या चार ओळीच शोधाव्या लागतात : वर्षारंभी थकीत ऑप्शन, नवे दिलेले, वापरलेले, रद्द झालेले.

रद्द होण्याचंही एक तर्कट आहे. एप्रिल २०२५ मध्ये पेटीएमचे संस्थापक विजय शेखर शर्मा यांनी आपले २ कोटी १० लाख ऑप्शन स्वेच्छेने सोडून दिले. वाचणाऱ्याला वाटेल, खर्च वाचला. पण जानेवारी-मार्च २०२५ या तिमाहीच्या हिशेबात कंपनीला ४९२ कोटींचा खर्च एकदम लिहावा लागला आणि तिमाहीचा तोटा ५४० कोटींच्या आसपास गेला. मानकाच्या लेखी ऑप्शन रद्द करणं म्हणजे व्हेस्टिंग आजच उरकणं. पुढच्या वर्षांत पसरलेला उरलेला सगळा खर्च लगेच धरायचा. तसं नसतं तर भाव पडल्यावर ऑप्शन गुपचूप रद्द करून पुढचा खर्च पुसून टाकण्याची वाट खुली राहिली असती. ते ४९२ कोटी रोकडीतून गेले नाहीत, एकूण इक्विटीतूनही नाहीत, आणि पुढच्या वर्षांचा तेवढाच ऑप्शन खर्च हलका झाला. छेदात येऊ शकले असते ते दोन कोटी दहा लाख शेअर आता शर्मांच्या नावाने येणार नाहीत.